उतारशाळा निवडताना



नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणात घालवतो. दोन तारखेला आपण दफनभूमीत जातो, कबरींवरचे गवत काढतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि जपमाळ म्हणतो. कासुर्डी, यवत, केडगाव, दौंड अशा गावांत विखुरलेली आपली कुटुंबे त्या दिवशी आवर्जून एकत्र येतात. ही चांगली रीत आहे. पण कबरीची एवढी काळजी घेणाऱ्या आपल्याला एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. त्या कबरीत निजलेल्या माणसाचे शेवटचे तीन-चार महिने कसे गेले? त्या दिवसांत आपण त्याची काळजी नीट घेतली का?

हा प्रश्न आम्हाला एका घराने विचारायला लावला. त्यांच्या परवानगीने, नाव न घेता, ती हकिकत सांगतो.

घरातल्या आजोबांना तोंडाचा कर्करोग झाला होता. ऑपरेशन झाले, शेक दिले, तरी दुखणे पसरले. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितले, "आता घरी न्या." आजी आधीच देवाघरी गेलेल्या. मुलगा कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्टला जाणारा. घरी सून आणि शाळेत जाणारी दोन मुले. गालाच्या जखमेला वास येऊ लागला. आजोबा रात्र रात्र विव्हळत. शेवटी कुणीतरी पुण्याकडची एक जागा सुचवली. मुलगा जाऊन बघून आला. फरशी चकचकीत, दारात बाग, भिंतीवर देवाच्या तसबिरी, ऑफिसातली माणसे गोड बोलणारी. डिपॉझिट भरले आणि आजोबांना तेथे ठेवले.

बाराव्या दिवशी मुलगा शिफ्ट संपवून रात्री अचानक तेथे गेला. आजोबा उशी दातांत धरून पडले होते. ड्यूटीवरचा पोरगा म्हणाला, "दुखण्याचं औषध कपाटात आहे. किल्ली डॉक्टरांकडे आहे. ते सकाळी येतील." पाठीला जखम झाली होती आणि ती घरी कुणी कळवली नव्हती. तेराव्या दिवशी मुलाने वडिलांना घरी आणले. पुढे दुसरी जागा मिळाली. तेथे तीन दिवसांत वेदना आटोक्यात आल्या. आजोबा दूधभात खाऊ लागले, नातवाला ओळखीने हाक मारू लागले. त्यांनी स्वतःहून फादरांना बोलावणे धाडले, पाप कबूल केले आणि चमचाभर पाण्यातून ख्रिस्तशरीराचा कण घेतला. पाच आठवड्यांनी ते शांतपणे प्रभूकडे गेले.

दफनविधीनंतर मुलगा आम्हाला म्हणाला, "मी जागा बघायला गेलो होतो, पण काय बघायचं तेच मला ठाऊक नव्हतं."

बंधुभगिनींनो, हे वाक्य आम्हाला फार लागले. कारण त्या पहिल्या बारा दिवसांत आम्हीही तेथे गेलो होतो. आपल्या आजारी-भेट मंडळाची आम्ही चार माणसे दुपारी चार वाजता गेलो, प्रार्थना केली, आजोबांच्या हातात जपमाळ दिली आणि "दुःख प्रभूच्या चरणी वाहा" असे सांगून परत आलो. रात्री औषध कोण देतो, हे आम्ही विचारले नाही. ही आमची चूक आहे आणि ती आम्ही आपल्यासमोर कबूल करतो.

शोमरोन्याने उतारशाळा निवडली

संत लूक यांच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपल्याला पाठ आहे. याजक बाजूने निघून गेला, लेवी निघून गेला, शोमरोनी थांबला. बहुतेक प्रवचने येथे संपतात. पण गोष्ट पुढे आहे. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवले आणि उतारशाळेत नेले. रात्रभर तो स्वतः तेथे राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दिनार दिले, काळजी घ्यायला सांगितले, आणि जादा खर्च झाला तर आपण परत आल्यावर देऊ असा शब्द दिला.

यात आपल्यासाठी तीन गोष्टी आहेत. पहिली, शोमरोन्याने सारी सेवा एकट्याने केली नाही. त्याला पुढे जायचे होते, त्याने दुसऱ्याची मदत घेतली आणि प्रभूने त्याला दोष दिला नाही. दुसरी, माणूस सोपवण्यापूर्वी तो स्वतः एक रात्र त्या जागेत राहिला. तेथले लोक कसे आहेत हे त्याने डोळ्यांनी पाहिले. तिसरी, "परत येईन" असे त्याने सांगितले. रखवालदाराला कळले की या जखमी माणसाचा कुणीतरी वाली आहे आणि तो हिशेब विचारायला येणार आहे.

आपल्याकडे आई-वडिलांना असे कुठे ठेवले की लोक लगेच बोलतात, "म्हाताऱ्याला टाकून आले." या बोलण्याच्या भीतीने काही जण रोग्याला घरीच तळमळत ठेवतात, आणि काही जण गुपचूप कुठेतरी ठेवून येतात व तोंड लपवतात. दोन्हींत रोग्याचेच हाल होतात. सोपवणे वेगळे आणि टाकणे वेगळे. जो बघून निवडतो आणि परत परत जातो तो सोपवतो. जो पैसे भरून विसरतो तो टाकतो.

हॉस्पिस म्हणजे काय

रोग बरा होण्याची आशा उरलेली नसते, तेव्हा रोग्याच्या वेदना कमी करणे, जखमा स्वच्छ ठेवणे, त्याच्या मनाला व घरच्यांना आधार देणे, यासाठी जी जागा किंवा सेवा असते तिला हॉस्पिस म्हणतात. या सेवेला परिहारक सेवा असेही म्हणतात. ती वृद्धाश्रमासारखी नाही. वृद्धाश्रमात राहण्या-जेवण्याची सोय असते. हॉस्पिसमध्ये डॉक्टर, प्रशिक्षित परिचारिका आणि वेदनेवरची औषधे असावीच लागतात. हा फरक न कळल्याने पुष्कळ घरे फसतात.

आजच्या हॉस्पिसचा पाया डॉ. सिसिली साँडर्स या ख्रिस्ती बाईंनी घातला. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि नंतर डॉक्टर झाल्या. 1967 साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. मरणाऱ्या माणसाचे दुखणे केवळ शरीराचे नसते; मनाचे, नात्यांचे आणि आत्म्याचे दुखणेही त्यात मिसळलेले असते, हे त्यांनी वैद्यकीय जगाला शिकवले. भारतातले पहिले हॉस्पिस 1986 साली मुंबईत वांद्र्याला उभे राहिले. कर्करोगाचे शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसोझा यांनी सुरू केलेले ते शांती आवेदना सदन. तेथे जातधर्म न पाहता कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णांची विनामूल्य सेवा होते. आपल्याला जवळचे म्हणजे पुण्यात वारज्याला 1997 साली सुरू झालेले सिप्लाचे परिहारक सेवा केंद्र. तेही कर्करोगाच्या रुग्णांची सेवा विनामूल्य करते, आणि घरच्या माणसाला रोग्याची काळजी घ्यायलाही शिकवते. म्हणजे पैसे नसलेल्याला चांगली सेवा मिळतच नाही, असे समजू नये. आणि पैसे जास्त घेतले म्हणजे सेवा चांगली, असेही समजू नये.

काय बघावे, काय विचारावे

आता मुद्द्यावर येऊ. आपल्यापैकी कुणावर अशी वेळ आली, तर जागा बघायला दोनदा जावे. एकदा दिवसा, सांगून. दुसऱ्यांदा संध्याकाळनंतर किंवा रविवारी, न सांगता. शोमरोन्याने रात्र काढली होती. आपण निदान रात्रीचा एक तास काढावा.

पहिला प्रश्न वेदनेचा. "रोग्याला किती दुखतंय, हे तुम्ही दिवसातून किती वेळा विचारता आणि कुठे लिहून ठेवता?" चांगल्या ठिकाणी शून्य ते दहा असे आकडे विचारून रोज नोंद करतात. मग विचारावे, "तुमच्याकडे मॉर्फिनच्या गोळ्या आहेत का? रात्री दोन वाजता दुखले तर कोण देतं?" जागतिक आरोग्य संघटनेने 1986 सालीच सांगितले की कर्करोगाचे दुखणे बहुतेक रोग्यांत साध्या रीतीने आटोक्यात येते. औषध शक्यतो तोंडाने द्यावे, घड्याळ लावून द्यावे, आणि दुखण्याच्या प्रमाणात हलक्यापासून तीव्र औषधाकडे जावे. दुखू लागल्यावर धावाधाव करण्यापेक्षा दुखण्याआधीच ठरल्या वेळी औषध देणे महत्त्वाचे. आपल्या देशात अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे फार कठीण झाले होते. 2014 साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणे सोपे झाले. म्हणून "कायद्यामुळे ठेवता येत नाही" असे उत्तर आले तर समजावे की या संस्थेने त्यासाठी खटपट केलेली नाही.

काही जणांना मॉर्फिनच्या नावाने भीती वाटते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी योग्य प्रमाणात दिलेल्या मॉर्फिनने माणूस सहसा व्यसनी होत नाही. त्याने बद्धकोष्ठ होतो, म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषध देतात. असे औषध देता का, हेही विचारावे. त्या उत्तरावरून तेथल्या लोकांची जाण कळते.

दुसरा प्रश्न अंगाच्या सेवेचा. आत शिरताच वास कसा येतो ते बघा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस ठरल्या वेळी बदलतात का? पाठीला जखमा किती जणांना आहेत? तोंड कोण स्वच्छ करते? पाण्याचा पेला रोग्याच्या हाताला लागेल असा ठेवला आहे, की कोपऱ्यातल्या टेबलावर? कपडे बदलताना पडदा ओढतात का? रोग्याला "काका, आजी" म्हणतात, की "सात नंबर" म्हणतात? या बारीक गोष्टी आहेत, पण माणसाचा मान याच गोष्टींत राखला जातो. रात्री किती परिचारिका असतात आणि किती रोग्यांमागे असतात, हे आकड्यात विचारा.

तिसरा प्रश्न बोलण्याचा. डॉक्टर रोग्याशी बोलतात, की फक्त नातेवाइकांशी? आपण मराठी माणसे आजार लपवतो. "बाबांना सांगू नका" म्हणतो. बाबांना सारे कळलेले असते, ते आपल्यापासून लपवतात. मग दोघेही एकटे पडतात. चांगल्या ठिकाणची माणसे रोग्याला झेपेल तसे, त्याला हवे तेवढे, खरे सांगतात. कुठे मरायचे आहे, कुणाला भेटायचे आहे, कुणाशी अबोला मिटवायचा आहे, हे त्याला विचारतात.

चौथा प्रश्न घरच्यांचा. भेटायला केव्हा येता येते? रात्री एक माणूस राहू शकतो का? नातवंडांना आत सोडतात का? तब्येत बदलली की फोन कोण करते? ज्यांचा माणूस तेथे वारला, अशा एखाद्या कुटुंबाशी बोलण्याची सोय होईल का? घरी येऊन सेवा देणारी संस्था असेल, तर ती आपल्या गावापर्यंत येते का आणि रात्री फोन कोण उचलते, हे आधीच विचारून घ्यावे. आपल्याकडून पुण्याचा रस्ता तास-दीड तासाचा. सोलापूर रस्त्याची गर्दी आपल्याला ठाऊक आहे.

पाचवा प्रश्न पैशांचा. तो विचारायला लाजू नये. महिन्याला किती, औषधे आणि डायपर त्यात धरले आहेत का, डिपॉझिट परत मिळते का, पैसे संपले तर काय, हे कागदावर लिहून घ्यावे. दवाखाना म्हणून नोंदणी आहे का, तेही बघावे. शोमरोन्यानेही पैशांचे बोलणे उघड आणि आधी केले.

सहावा प्रश्न आत्म्याचा. धर्मगुरूंना रात्री-अपरात्री येऊ देतात का? रुग्णाभ्यंग संस्कारासाठी थोडा वेळ, थोडा एकांत मिळेल का? आणि तेवढेच महत्त्वाचे, शेजारच्या खाटेवरच्या हिंदू किंवा मुसलमान आजोबांना त्यांच्या श्रद्धेप्रमाणे शांतीने जाता येते का? जी जागा सर्वांचा मान राखते ती आपलाही राखील.

दुःख वाहणे आणि दुःख लादणे

येथे एक शंका येते. "प्रभूने क्रूसावर वेदना सोसल्या. गंधरस मिसळलेला द्राक्षारस त्याने नाकारला. मग आपण औषध का घ्यावे?" बंधुभगिनींनो, प्रभूने तो स्वतःहून नाकारला, दुसऱ्या कुणासाठी नाकारला नाही. त्याच्याकडे आलेल्या एकाही आजाऱ्याला "सहन कर" म्हणून त्याने परत पाठवले नाही. 1957 साली पोप बारावे पायस यांनी डॉक्टरांना स्पष्ट सांगितले की, दुसरा उपाय नसेल तर वेदना शमवणारे औषध देणे योग्य आहे, जरी त्याने आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असला तरी; मारण्याचा हेतू मात्र कधीही नसावा. ख्रिस्तसभेच्या 1980 च्या पत्रकात असे म्हटले आहे की कुणी स्वखुशीने वेदना सोसून त्या ख्रिस्ताशी जोडल्या तर ते थोर आहे, पण तसे करण्याचा नियम सर्वांवर लादणे शहाणपणाचे नाही. 2020 साली व्हॅटिकनने अखेरच्या आजारातील सेवेवर जे पत्र काढले, त्याचे नावच 'दयाळू शोमरोनी' असे आहे.

म्हणून चांगली जागा कोणती? जी मरण ओढून आणत नाही, आणि निरुपयोगी नळ्या-यंत्रे लावून मरण लांबवतही नाही. प्राणघात करणे पाप आहे. ज्याचा उपयोग नाही आणि जो रोग्याला जड होतो असा उपचार थांबवणे हे पाप नाही. पण अंग पुसणे, तहान भागवणे, वेदना शमवणे हे कधीही थांबवायचे नसते.

आणखी एक अवघड गोष्ट सांगतो. संत मदर तेरेसा यांनी 1952 साली कोलकात्यात कालीघाटला निर्मल हृदय सुरू केले. रस्त्यावर मरणाऱ्यांना त्यांनी मानाचे मरण दिले. 1994 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी तेथील भेटीविषयी लिहिले. तेथली माया आणि जखमांची शुश्रूषा त्यांनी वाखाणली, पण तीव्र वेदनांवर परिणामकारक औषधे नाहीत, हेही लिहिले. ही टीका ऐकून आपल्याला राग येतो. रागावू नये. मदर संत आहेतच. पण संतांनी चालवलेल्या घरालाही "वेदनेवर औषध काय देता?" असे विचारता येते. तो प्रश्न रोग्याच्या बाजूने असतो. मग सिस्टर चालवतात, फादरांनी सुचवले, भिंतीवर क्रूस आहे, एवढ्यावर आपण का थांबावे? क्रूस भिंतीवर असेल तर तेथे जास्तच काळजीने सेवा व्हायला हवी.

परत जाण्याचा शब्द

शेवटी, जागा कितीही चांगली असो, ज्या रोग्याला कुणी भेटायला येत नाही त्याच्याकडे हळूहळू दुर्लक्ष होते. म्हणून "परत येईन" हा शोमरोन्याचा शब्द आपण पाळायचा आहे. क्रूसाखाली पवित्र मरिया आणि प्रिय शिष्य उभे होते. त्यांच्या हाती औषध नव्हते, तरी ते निघून गेले नाहीत.

आम्ही आजारी-भेट मंडळाने ठरवले आहे की यापुढे भेट ठरल्या वाराला आणि ठरल्या वेळेला होणार नाही. कधी दुपारी, कधी रात्री होईल. प्रार्थनेपूर्वी आम्ही रोग्याला विचारू, "दुखतंय का? काल रात्री झोप लागली का?" उत्तर "नाही" असले तर आधी परिचारिकेला गाठू, मग जपमाळ काढू. ज्या घरात रोगी घरीच आहे, तेथल्या सुनेला किंवा मुलीला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळावी म्हणून आमच्यापैकी दोघे रोग्याजवळ बसतील. तिला झोपायचे असेल तर झोपू दे, बाजारला जायचे असेल तर जाऊ दे. आणि कुणाला जागा बघायला जायचे असेल, तर एकट्याने जाऊ नये; आमच्यापैकी एक जण बरोबर येईल. ज्यांना या कामात हात लावायचा आहे त्यांनी मिस्सानंतर थांबावे.

त्या आजोबांचे बारा दिवस आम्ही परत आणू शकत नाही. त्यांच्या मुलाने आम्हाला क्षमा केली आहे. आता त्यांच्या कबरीवर मेणबत्ती लावताना आम्ही एवढेच म्हणू शकतो की पुढच्या माणसाच्या वेळी आम्ही विचारू.

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, तू आजाऱ्यांच्या खाटेपाशी थांबलास, त्यांना हात लावलास. आमच्या घरांत आणि रुग्णालयांत शेवटचे दिवस मोजणाऱ्या सर्वांना वेदनेतून विसावा दे. रात्र जागून त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिका, डॉक्टर, सुना, मुली आणि मुलगे यांना बळ दे. आम्हाला बघण्याची नजर, विचारण्याचे धैर्य आणि परत जाण्याची निष्ठा दे. सुखमरणाचे आश्रयदाते संत योसेफ, येशू आणि मरिया जसे तुमच्या उशाशी होते, तसे ते आमच्याही उशाशी असावेत म्हणून आमच्यासाठी विनंती करा. आमेन.